सहाव्या संध्याकाळचा डोस

माझी वहिनी चष्म्याच्या काचा घासते. दुकानाच्या मागे एक अरुंद खोली आहे. तिथे ती, दोन यंत्रं आणि कधीच नीट बंद न होणारा नळ, एवढाच पसारा. पुढून चिठ्ठी येते. चिठ्ठीवर नंबर, फ्रेमचा आकार आणि गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर. वहिनी काचेवर बरोबर जागी एक ठिपका देते आणि मग काच चाकाला लावते. ठिपका केसभर सरकला तरी चष्मा घालणाऱ्याचं डोकं उठतं, आणि मग तो दुकानात येऊन बाकीच्यांचं डोकं उठवतो. वहिनीच्या हातची काच सतरा वर्षांत एकदाही परत आलेली नाही. दुकानात तिला ठिपकाबाई म्हणतात. आवडत नाही असं ती म्हणते, पण म्हणताना हसते.

तशी ही बाई कुणाला भ्यायची नाही. एकदा काच फुटून तुकडा तिच्या अंगठ्यात घुसला. तिनं चिमट्यानं तो काढला, बोटाला चिंधी गुंडाळली आणि उरलेल्या चार काचा पुऱ्या करूनच घरी आली. घेरी आली ती दादाला. दादा म्हणजे तिचा नवरा, माझा थोरला भाऊ. सहा फूट उंच, लिफ्ट दुरुस्तीचं काम, बाराव्या मजल्यावरून खालच्या काळोखात डोकावताना त्याला काही वाटत नाही. पण रक्ताचा थेंब दिसला की गडी भुईसपाट.

अशी ती वहिनी एका निळ्या पेनासमोर चाळीस मिनिटं बसून राहिली आणि तिला ते पोटाला लावता आलं नाही.

हे पेन लिहायचं नव्हे. मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या बाईला रोज ठरल्या वेळी पोटात हार्मोनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. त्यानं महिन्याला एका बीजाऐवजी जास्त बीजं तयार होतात. मग ती बाहेर काढायची आणि पुढचं काम प्रयोगशाळेत. औषध जाडसर पेनात भरून येतं. मागची कळ फिरवली की बारीक खिडकीत आकडा दिसतो, पुढे सुई लावायची, पोटाला टेकवायचं आणि कळ दाबायची. आकडा शून्यावर आला की डोस पुरा. सांगायला सोपं आहे. सांगणाऱ्याचं पोट नसतं.

आधी तीनदा हे झालं होतं आणि तीनदा फसलं होतं. त्या तीन वेळा तळमजल्यावरच्या नर्सबाई वर येऊन टोचून जायच्या. यंदा त्या मुलीकडे राहायला गेल्या. आणि यंदा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की बीजं फार कमी उरलीत, ही वेळ शेवटची समजून चला. म्हणजे आता जे होईल ते या खेपेला. वहिनीचं वय त्या वेळी एक्केचाळीस.

पहिल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "लवंगी, येशील का गं? मला जमत नाहीये."

लवंगी म्हणजे मी, तिची नणंद. हे नाव मला का पडलं ते माझ्याशी पाच मिनिटं बोललात तर कळेल. मी त्यांच्यापासून तीन गल्ल्या सोडून एकटी राहते आणि जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. कुत्री, मांजरं, ससे, एकदा एक घोडी, सगळ्यांना टोचून झालंय. मला कुणी चावलंच नाही असं नाही, पण माझी सुई चुकत नाही, असा माझा तोरा. त्या दिवशी तोऱ्यातच जिना चढले.

"मानगूट नको हं धरूस माझी," वहिनी म्हणाली. तोंडावर हसू होतं आणि हात बर्फासारखे गार.

"तू चावली नाहीस तर नाही धरणार."

पेन फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्यात ठेवलं होतं. दादाला त्यावर विनोद सुचला होता आणि तो त्यानं मला दोनदा सांगितला. मग सुई बघून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.

आता माझी चूक सांगते. ती त्याच संध्याकाळी सुरू झाली आणि मला तिचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपचार केंद्रातल्या सिस्टरनं मला बोलावून घेतलं आणि पेन कसं वापरायचं ते नीट दाखवलं. ती बिचारी सावकाश, एकेक पायरी सांगत होती आणि मी मनात म्हणत होते, बाई, माझी निम्मी हयात यात गेली, मला काय शिकवतेस. आमच्या दवाखान्यात सिरिंज भरली की ती उभी धरायची, नखानं टिचकी मारायची, हवा वर आणायची आणि सुईच्या टोकावर थेंब येईपर्यंत दट्ट्या दाबायचा. प्रत्येक वेळी. नाही केलं तर आमचे डॉक्टर कुत्र्याच्या मालकासमोर उद्धार करतात. सिस्टर म्हणाली, नवीन पेन उघडलं की पहिल्यांदा थेंब काढून बघायचा. मी मान डोलावली. थेंब काढायचा हे काय सांगायला हवं! पहिल्यांदाच काढायचा, रोज नाही, कारण पेनात हवा शिरतच नाही आणि औषध मोजूनमापून भरलेलं असतं, हे ती पुढे बोललीसुद्धा असेल. माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. दवाखान्यात एका मांजरीचं ऑपरेशन होतं.

तेव्हा मी रोज संध्याकाळी सात वाजता यायची, हात धुवायची, सुई लावायची, पंचवीसवर कळ फिरवायची, थेंब नव्हे, चांगली चिळकांडी उडवायची, मग दीडशेवर फिरवून वहिनीला टोचायची. पेनात नऊशे, पहिल्या थेंबापुरते पंचवीस वर. रोज दीडशे. सहा दिवस. हिशेब मला येत होता. उडवलेलं औषध मात्र मी हिशेबात धरलंच नव्हतं.

त्या सहा दिवसांत मी वहिनीला जवळून बघितलं. एरवी नणंद-भावजय एकमेकींना बघतात ते सणासमारंभाला, चेहऱ्यावर पावडर असताना. आता ती माझ्यासमोर पोट उघडं टाकून बसायची. बेंबीच्या एका बाजूला आज, दुसऱ्या बाजूला उद्या. तिसऱ्या दिवशी दोन निळे डाग. चौथ्या दिवशी पोट फुगलं आणि कामावर बांधायचा रबरी एप्रन मागे गाठीला पुरेना. डोकं ठणकायचं. गरम वाफा आल्यासारखा चेहरा लाल व्हायचा. पाचव्या दिवशी दुकानात एका म्हाताऱ्यानं, या चष्म्यानं मला माझ्या नातवाचा दात दिसला, असं सांगितलं, तर ही मागच्या खोलीत जाऊन अर्धा तास रडली.

"दातासाठी?" मी विचारलं.

"दातासाठी," ती म्हणाली आणि पुन्हा डोळे भरले. "औषधाचं आहे गं हे. मला कळतं. कळून काही उपयोग नाही."

पण तिला खरी भीती सुईची नव्हती, हे मला हळूहळू उमगलं. सात वाजत आले की ती खोलीचं दार लोटायची, कारण बाहेर आई असायची. माझी आई, तिची सासू. आई वाईट नाही. तिनं वहिनीला कधी टाकून बोललेलं मी ऐकलेलं नाही. ती फक्त उसासा टाकते, आणि तिच्या उशाशी दादाच्या तपासण्यांचे कागद असतात, ते ती आल्यागेल्याला दाखवते. "आमच्या मुलाचं सगळं व्यवस्थित आहे हो." एवढंच वाक्य. पुढचं वाक्य ती बोलत नाही, ऐकणारा आपसूक पुरं करतो.

तिन्ही वेळा फसलं तेव्हा वहिनी काय करत होती, मला आठवतं. पहिल्या वेळी तिनं सगळ्यांसाठी चहा केला. दुसऱ्या वेळी पडदे धुवायला काढले. तिसऱ्या वेळी तर दुसऱ्याच दिवशी कामावर गेली. आई मला म्हणाली होती, "किती घट्ट आहे बघ ही. डोळ्यात पाणी नाही." मीही तेव्हा मान डोलावली होती. माझी मान फार लवकर डोलते.

सहावी संध्याकाळ. दादा कामावर, आई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सोनोग्राफी होती. बीजं किती वाढलीत ते कळणार होतं आणि त्यावर पुढचं औषध मिळणार होतं. वहिनी पलंगाच्या कडेला बसली, शर्ट वर धरला, डोळे मिटले. मी नेहमीसारखी चिळकांडी उडवली. दीडशेवर कळ फिरवली. टोचलं. दाबलं.

कळ थोडी आत गेली आणि अडली.

मी आणखी दाबलं. हलेना. सुई बुजली की काय म्हणून खिडकीत बघितलं. आकडा शून्यावर यायला हवा होता. तिथे एकशे पंचवीस होतं.

पेन रिकामं झालं होतं. पहिली संध्याकाळ सोडून पाचदा मी जे पंचवीस-पंचवीस हवेत उडवलं होतं, ते माझ्यासमोर आकडा होऊन उभं होतं. तिच्या शेवटच्या खेपेचं औषध मी फरशीवर सांडलं होतं आणि वर रोज फडक्यानं पुसलं होतं.

आणि मग मी काय केलं? मी मनात दहा आकडे मोजले, नेहमी मोजते तसे. सुई काढली. कापूस दाबला. म्हणाले, "झालं."

"झालं?" वहिनीनं डोळे उघडले.

"झालं गं."

पेन पिशवीत टाकलं, हात धुतले आणि चपला घालून बाहेर पडले. आईनं विचारलं, चहा नको का? मी म्हटलं, दवाखान्यात घाई आहे. घाई कसली, तिसऱ्या मजल्यावरून उतरताना पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसले ती उठवेना. खाली कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं, वर कुणाकडे तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि मी स्वतःला समजावत होते. एका दिवसाचंच तर आहे. पंचवीस तरी गेलंच की. उद्या सोनोग्राफीत कमी दिसलं तर डॉक्टरीणबाई डोस वाढवतील. कुणाला कळणार आहे? आधी तीनदा झालं नाही, तेव्हा कुठे माझा हात होता?

हे शेवटचं मनात आलं आणि माझी मलाच किळस आली. उद्या फसलं तर सगळे वहिनीकडे बघतील आणि मी त्यांच्यात उभी राहून मान डोलावेन, हे मला त्या पायरीवर डोळ्यांसमोर दिसलं.

मी उपचार केंद्राचा फोन लावला. पहिल्यांदा नुसती धून वाजत राहिली. दुसऱ्यांदा सिस्टरनं उचलला, तीच सावकाश बोलणारी. मी चिळकांडीपासून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता ही मला सोलून काढणार. तिनं फक्त विचारलं, "इंजेक्शनला किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं."

"मग घाबरू नका. उरलेलं आजच गेलं तर काही बिघडत नाही. आमच्या इथली औषधविक्रीची खिडकी साडेआठपर्यंत उघडी आहे. नवीन पेन घेऊन जा, त्यातून एकशे पंचवीस द्या." मग ती थांबली. "पेशंटला सांगितलंत ना?"

"नाही."

"सांगा. त्यांना पुन्हा टोचायचं आहे, न सांगता कसं टोचाल?"

मी धावत गेले. माझ्या वयाची बाई रस्त्यानं धावताना लोक वळून बघतात. बघू देत. खिडकीवर माझ्यापुढे दोघं होते. त्यातल्या एकाला खोकल्याच्या औषधाची चव कशी असते ते जाणून घ्यायचं होतं. एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मी नुसती घड्याळाकडे बघत राहिले. पेन मिळालं, गार पिशवीत घातलं आणि आठच्या सुमारास पुन्हा तोच जिना चढले. प्रत्येक पायरीला वाटत होतं, वर दिवे बंद असावेत, ती झोपलेली असावी.

दिवे चालू होते. वहिनी पलंगावर टेकून बसली होती, पोटावर बर्फाची पिशवी. मी दार लोटलं, कडी लावली आणि पाठ दाराला टेकवूनच बोलले.

"वहिनी, मी चुकलेय. मघाशी—"

"एकशे पंचवीस," ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली.

"दिवसभर काचेवरचे ठिपके बघते मी. एवढा आकडा मला दिसणार नाही होय?"

"तू डोळे मिटले होतेस."

"तू कण्हलीस तेव्हा उघडले. मग परत मिटले."

"मग बोलली का नाहीस? मला झापायचं. ओरडायचं. आणि मी जिना उतरून गेले तरी तू इथे नुसती बसून राहिलीस?"

तिनं बर्फाची पिशवी बाजूला ठेवली. शर्टाच्या टोकानं पोट पुसलं. बाहेर टीव्हीवर लोक हसत होते.

"खरं सांगू? रागावू नकोस," ती म्हणाली. "मला बरं वाटलं."

"काय?"

"तो आकडा बघितला आणि मला बरं वाटलं, लवंगी. छातीवरचा दगड उतरला. म्हटलं, चला, या वेळी फसलं तर ते माझ्यामुळे नसेल. पेनामुळे असेल. तुझ्यामुळे असेल. सगळ्यांना सांगता येईल. चार वर्षांत पहिल्यांदा असं काहीतरी झालं जे माझ्या पोटात झालं नाही." तिनं बर्फाची पिशवी उचलली आणि परत ठेवली. "आणि मग मला इतकी भीती वाटली, इतकी भीती वाटली, तुला काय सांगू. जी बाई असा विचार करते तिला कुणी आई करावं तरी कशाला? ते अजून आलंही नाही आणि मी त्याच्यावर पाणी सोडून मोकळी झाले. स्वतःची कातडी वाचवायला. तुला हाक मारायची होती मला. तोंड उघडलं, पण आवाजच निघाला नाही."

मी जिन्यावर बसून जे भोगलं ते वीस मिनिटांचं होतं आणि माझा जीव अर्धा झाला होता. सगळं आपल्यामुळे बिघडलं, ही भीती. ही बाई चार वर्षं त्या भीतीत सकाळी उठत होती, डबा भरत होती, परक्यांच्या डोळ्यांची अंतरं मोजत होती आणि घरी येऊन माझ्या आईचे उसासे ऐकत होती. आम्ही तिला घट्ट म्हणत होतो.

"असा विचार माझ्याही मनात आला," मी म्हटलं. "कुणाला कळणार नाही, असा. म्हणजे तुझ्याहून वाईट. चल, पोट पुढे कर. उशीर नको."

"तुझा हात बघ कसा हलतोय."

"मग तू टोच."

"मी? अगं बाई."

शेवटी असं झालं की पेन मी धरलं आणि माझं मनगट तिनं धरलं. मी सवयीनं पंचवीसवर कळ फिरवली आणि एकदम दचकून थांबले. थेंब काढायचीच छाती होईना.

"काढ," ती म्हणाली. "नवीन पेन आहे. आज काढायचा असतो. पेनाबरोबर येतो तो कागद मी वाचलाय."

"कधी वाचलास?"

"आत्ता. तू गेल्यावर."

थेंब आला. मग एकशे पंचवीस. कळ सरळ खाली गेली, आकडे उतरत शून्यावर आले, आणि आम्ही दोघींनी दहा मोजले, मोठ्यानं, शाळेतल्या पोरींसारखे. बाहेरून आईनं विचारलं, काय चाललंय गं आत?

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत सात दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, अपेक्षेपेक्षा बरं आहे. मी त्यांना खालमानेनं सगळं सांगून टाकलं, तर त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, उरलेलं तासाभरात दिलंत ना, मग विषय संपला. त्यांच्यासाठी संपला. पुढचे चार दिवस मी पेन हातात घेतलं की वहिनी आकडा मोठ्यानं वाचायची आणि मी तो परत वाचायची. बीजं काढली, पाच चांगली निघाली, त्यातल्या दोनांचे प्रयोगशाळेत गर्भ झाले, दोन्ही तिच्या पोटात ठेवले. दादाला आम्ही पेनाचं सांगितलं. तो म्हणाला, आईला नका सांगू. नाही सांगितलं.

मग वाट बघणं. सुया परवडल्या म्हणायची पाळी. शिंक आली तर वहिनी पोट धरायची. जिना उतरताना कठड्याला दोन्ही हात. दुकानात चाकाची थरथर लागू नये म्हणून ती खुर्चीवर उशी घेऊन बसायची. पाठ दुखली तरी भीती, नाही दुखली तरी भीती. मला रोज फोन. "आज छाती दुखत नाहीये. काल दुखत होती. याचा अर्थ काय?" मी म्हणायची, माझ्याकडे येणाऱ्या मांजरी असलं काही सांगत नाहीत गं. ती हसायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

रक्त तपासायला दिलं त्या दिवशी दुपारी मी रजा टाकून गेले. आई, दादा, वहिनी, सगळे स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसले होते. कुणी जेवलं नव्हतं. वहिनीनं तिचा फोन माझ्यापुढे सरकवला. "तू घे. माझ्यानं नाही होणार."

फोन वाजला तेव्हा मी तो घेऊन बाहेरच्या पॅसेजमध्ये गेले. तीच सिस्टर. आवाजावरूनच कळलं. नाही झालं, म्हणाली. दोन्ही नाही रुजले.

"त्या संध्याकाळमुळे?" मी विचारलं. "माझ्यामुळे?"

"नाही हो. त्याचा काही संबंध नाही. बीजं चांगली आली होती. त्यांच्या वयात बहुतेक वेळा असंच होतं. कुणाचीच चूक नाही यात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. पॅसेजमध्ये उभी राहिले. माझी चूक नाही, हे ऐकायला मी तीन आठवडे तडफडत होते. आता ऐकलं, आणि ते मला नकोसं झालं. कारण माझी नाही म्हटल्यावर ती कुठे जाऊन बसणार हे मला माहीत होतं. आत ती बाई टेबलाशी बसून होती, आणि समोर माझी आई होती.

मी आत गेले. सगळ्यांनी वर बघितलं. वहिनीच्या चेहऱ्यावर ते नेहमीचे घट्ट भाव यायला लागले होते, हात चहाच्या भांड्याकडे निघाला होता.

"नाही झालं," मी म्हटलं. "आणि आई, ते माझ्यामुळे. मी रोज थोडं थोडं औषध वाया घालवलं. एका दिवशी पेन अर्ध्यात संपलं. मी चुकले. वहिनीचं सगळं चांगलं होतं. माझ्या हातानं घालवलं मी."

दादा काहीतरी बोलायला गेला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो थांबला.

आईच्या तोंडाचा चंबू झाला. मग रंग बदलला. "तुझ्या हातानं?" ती म्हणाली. "जनावरांचं करून करून माणसांचं भान राहिलं नाही तुला? त्या पोरीचं केवढं नुकसान केलंस! शेवटची वेळ होती तिची!"

मी वहिनीकडे बघितलं. तिला माहीत होतं. डोस पुरा गेला हे तिनं स्वतः माझं मनगट धरून बघितलं होतं, आकडे मोठ्यानं मोजले होते. आता एका वाक्यात ती मला सोडवू शकत होती. ती माझ्याकडे एकटक बघत राहिली, काच उजेडाकडे धरून तपासावी तशी. मग तिचा चहाच्या भांड्याकडे गेलेला हात टेबलावर पडला आणि ती रडायला लागली.

हुंदके नव्हेत. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान मूल पडल्यावर रडतं तशी. दादा घाबरून उभा राहिला. आई उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं वहिनीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "रड," आई म्हणाली, "रड गं माझी बाय. तुझं काय चुकलं? तुझं काहीच चुकलं नाही." ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू जा आता घरी."

मी चपला घातल्या आणि निघाले. तळमजल्यापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं. चार वर्षांचं होतं ते, एका दमात थोडंच संपणार होतं.